पिठाचा म्हातारा: चिनी म्येनसू घरी कसं करायचं, पीठ वाफवण्यापासून वाळवण्यापर्यंत

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही दीड वर्ष बीजिंगला होतो. तिथे त्यांच्या नववर्षाला देवळांच्या आवारात जत्रा भरते, तिला मिआओहुई म्हणतात. त्या जत्रेत हाडं गोठवणाऱ्या थंडीत एक आजोबा छोटी लाकडी पेटी पुढ्यात घेऊन बसले होते, पेटीत पाच-सहा रंगांचे पिठाचे गोळे ओल्या फडक्याखाली झाकलेले, हातात पट्टीसारखं एक हत्यार, आणि दहा-बारा मिनिटांत काडीवर एक अख्खं माणूस उभं, कपड्यांच्या चुण्या, मिशा, बोटं सगळं सकट. मी पाऊण तास तिथून हलले नाही. पुण्याला परत आल्यावर जवळजवळ वर्षभर रोज रात्री जेवणं झाली की हेच करत बसायचे, तेव्हा कुठे जरा जमायला लागलं, आणि जे जमलं ते नीट लिहून ठेवावं म्हणून हा लेख. कारण मराठीत मला कुठे सविस्तर मिळालं नाही, आणि इंग्रजीत जे मिळतं त्यात पिठाचं प्रमाण देतात पण ते तसंच का ते कोणी सांगत नाही.

या कलेला म्येनसू म्हणतात. म्येन म्हणजे पीठ, सू म्हणजे घडवणं. काडीवरच्या माणसांना म्येनरन, म्हणजे सरळ 'पिठाची माणसं'.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की करून घ्या, नाहीतर पुढे सगळं गोंधळतं. चीनमध्ये पिठाचं शिल्प दोन वेगळ्या पद्धतींनी होतं. एकात आधी घडवतात आणि मग वाफवतात, आपण दीप अमावास्येला कणकेचे दिवे करतो ना, अगदी तसंच. ते खायचं असतं, त्याला ह्वामो म्हणजे फुलांचे मोमो-पाव म्हणा हवं तर, आणि ते शान्शी, शेन्शी, शांतोंग या गव्हाच्या प्रांतांतल्या घरोघरच्या बायका करतात. दुसऱ्यात उलटं, आधी पीठ वाफवून शिजवतात आणि मग त्या शिजलेल्या पिठातून घडवतात. जत्रेतली माणसं या दुसऱ्या प्रकारची. ती खायची नसतात, ती वाळून वर्षानुवर्षं टिकतात. मी पहिले दोन महिने कच्च्या कणकेतून माणसं करत होते आणि प्रत्येकाचं नाक दुसऱ्या दिवशी तडकत होतं, कारण हा फरकच मला कळलेला नव्हता.

हे किती जुनं आहे याचा अंदाज यावा म्हणून सांगते. शिनच्यांगमध्ये तुर्फानजवळ अस्ताना नावाची जुनी दफनभूमी आहे, तिथल्या थांग काळातल्या थडग्यांत पिठाच्या छोट्या मूर्ती सापडल्यात, म्हणजे तेराशे वर्षांपूर्वीच्या, आणि त्या भागातली हवा इतकी कोरडी की त्या राहिल्या. हे लक्षात ठेवा, हवेचा मुद्दा आपल्याला पुढे फार नडणार आहे. कारागीर मात्र आपला मूळपुरुष म्हणून सेनापती चुगे लियांगचं नाव घेतात. दंतकथा अशी की नदी ओलांडायला नरबळी हवा असं लोक म्हणाले, तर त्याने माणसाच्या डोक्याच्या आकाराचे पिठाचे गोळे करून नदीला वाहिले. इतिहास म्हणून नाही, पण गोष्ट म्हणून मला ही फार आवडते.

आता कामाला लागू.

पीठ

सगळा खेळ पिठाचा आहे. माझं प्रमाण हे: मैदा 200 ग्रॅम, चिकट तांदळाचं पीठ 50 ग्रॅम, बारीक मीठ 20 ग्रॅम, ग्लिसरीन 20 मिली, उकळतं पाणी साधारण 150 मिली, आणि मळताना लागेल तसं बिनवासाचं तीळतेल एक-दोन चमचे. शिवाय लवंगतेलाचे पाच-सहा थेंब, ते बुरशी लांब ठेवायला. चीनमधले आजचे कारागीर बाजारातलं प्रिझर्व्हेटिव्ह घालतात, घरी मला लवंगतेल बरं वाटतं.

चिकट तांदूळ म्हणजे आपला आंबेमोहोर किंवा इंद्रायणी नाही बरं का. ते शिजल्यावर मऊ, एकमेकांना चिकटणारे असतात खरे, पण हा तांदूळ वेगळाच, चिनी भाषेत नुओमी. ऑनलाइन ग्लुटिनस राइस फ्लोअर किंवा मोची फ्लोअर नावाने मिळतं. आसामचा बोरा तांदूळ याच जातीतला, तो मिळाला तर धुऊन, सावलीत वाळवून, अगदी बारीक दळून वापरता येतो. उकडीच्या मोदकांचं पीठ वापरून बघू नका, मी बघितलंय, वाळताना सगळं भेगाळतं. कारण साध्या तांदळातला स्टार्च थंड झाला की कडक होत जातो, शिळा भात कसा टणक होतो तसा, आणि या चिकट तांदळातला स्टार्च जवळजवळ सगळा दुसऱ्या प्रकारचा असतो, तो तसा पटकन कडक होत नाही. म्हणून मैदा ताकद देतो, चिकट तांदूळ लवचीकपणा देतो, मीठ आणि ग्लिसरीन ओल धरून ठेवतात. पूर्वी ग्लिसरीनच्या जागी मध घालायचे, आजही चालतो, पण आपल्याकडे मुंग्या.

आता कृती. मैदा, तांदळाचं पीठ, मीठ चाळून एकत्र करा. ग्लिसरीन आणि लवंगतेल उकळत्या पाण्यात घालून ते पाणी पिठावर थोडं थोडं ओता आणि उलथण्याच्या दांड्याने ढवळत राहा, मोदकाची उकड काढताना करतो तसंच. हाताला सोसेल इतपत झालं की मळा. पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट, पुरीच्या कणकेच्या जवळपास हवं. मग त्याच्या एक सेंटीमीटर जाडीच्या चपट्या लाट्या करा, मोदकपात्रात ओल्या फडक्यावर ठेवा आणि चांगली वाफ आल्यावर 30 मिनिटं वाफवा. जाड गोळा तसाच वाफवला तर मधे कच्चा राहतो. तपासायचं कसं, तर एक लाटी तोडून बघा, आत पांढरी पिठाळ रेघ दिसली तर अजून दहा मिनिटं.

बाहेर काढल्यावर ते बघून तुमचा धीर सुटेल, चिकट, ओबडधोबड, कसलंतरीच दिसतं. घाबरू नका, गरम असतानाच तेलाचा हात लावून मळायला घ्या, आणि मळा, म्हणजे खरंच मळा, किमान पंधरा-वीस मिनिटं, हात दुखेपर्यंत. हळूहळू ते गुळगुळीत होतं, ओढलं तर ताणतं, दाबलं तर दाबलेलंच राहतं. तेच हवंय आपल्याला. कच्ची कणीक दाबली की परत वर येते, कारण तिच्यातलं ग्लुटेन स्प्रिंगसारखं वागतं. वाफवल्यावर तो उसळण्याचा गुण मरतो, म्हणून डोळ्याची खोबण केली की ती तशीच राहते. आधी शिजवण्याचं हेच कारण.

मग प्लॅस्टिकमध्ये हवा न राहील असं घट्ट गुंडाळून रात्रभर बाहेरच ठेवा. दुसऱ्या दिवशी परत पाच मिनिटं मळा आणि कामाला घ्या. उरलेलं फ्रिजमध्ये आठवडाभर सहज राहतं, कडक वाटलं तर पाच मिनिटं वाफ द्यायची.

रंग

रंग पिठात मळायचा, वरून लावायचा नाही. या कलेची शान त्यातच आहे, मूर्ती पूर्ण झाली की ब्रश हातात घ्यायचा नसतो. लाल, पिवळा, निळा, काळा हे जेल कलर आणि पांढऱ्यासाठी पोस्टर कलर, एवढं पुरे. शिजलेलं पीठ मुळात दुधाळ-पिवळसर असतं, त्यामुळे दाढी पांढरीशुभ्र हवी तर पांढरा रंग घालावाच लागतो. त्वचेसाठी पांढऱ्या गोळ्यात मोहरीएवढा लाल आणि तेवढाच पिवळा, बस. आणि वाळल्यावर प्रत्येक रंग गडद होतो, म्हणून ओला असताना जरा फिकाच वाटला पाहिजे. मी केलेला पहिला चेहरा वाळून विटकरी झाला होता.

250 ग्रॅम पिठाच्या मापात साधारण असं वाटून घ्या: चौथा भाग त्वचेचा, चौथा भाग पांढरा, अंगरख्यासाठी तिसऱ्या भागाएवढा लाल किंवा पिवळा, आणि उरलेल्यातून काळा, तपकिरी, हिरवा, गुलाबी असे चिमूट चिमूट. प्रत्येक गोळा वेगळ्या प्लॅस्टिकात, आणि काम करताना जेवढं हवं तेवढंच बाहेर काढायचं. पीठ हातात घेतल्या क्षणापासून वाळत असतं, हे विसरलात की संपलं.

हत्यारं

मुख्य हत्यार एकच, त्याला बोत्झ म्हणतात. वीतभरापेक्षा कमी लांबीची पट्टी, एक टोक गोलसर चपटं, एक निमुळतं टोकदार, पूर्वी शिंगाची किंवा बांबूची करायचे. मी जुन्या टूथब्रशचा दांडा बारीक सॅंडपेपरने घासून केला, आणि अजूनही तोच वापरते, विकत घेतलेल्या क्लेच्या सेटपेक्षा हातात चांगला बसतो. त्याशिवाय बारीक टोकाची कातरी, दात जवळजवळ असलेली फणी, एक जाड सुई, ब्लेड, कबाबाच्या बांबूच्या काड्या आणि त्या खोचायला थर्माकोलचा ठोकळा. हाताला लावायला मेण आणि तेल एकत्र वितळवून केलेलं मलम. तेल नुसतं लावू नका, जास्त झालं की तुकडे एकमेकांना चिकटत नाहीत. बोटांच्या टोकांना अगदी पुसट मलम, एवढंच.

मूर्ती: शौशिंग

पहिल्यांदा करायला मी शौशिंग सांगेन. दीर्घायुष्याचा देव, प्रचंड फुगीर कपाळाचा, लांब पांढऱ्या दाढीचा हसरा म्हातारा, एका हातात काठी, दुसऱ्यात पीच. जत्रेत मुलं माकडराजा सुन वुखोंग मागतात, पण त्याची पाय वाकवलेली पोज आणि चिलखत नवख्याला झेपत नाही. शौशिंगचा अंगरखा पायापर्यंत असतो, त्यामुळे पायांची भानगड नाही, दाढीत मान लपते, आणि चेहरा हसरा असल्याने डोळे नुसत्या रेघांवर भागतात. साधारण 12 सेंटीमीटर उंच करायचा आहे.

उंचीचा एक नियम कारागिरांच्या तोंडी असतो, उभा सात, बसलेला पाच, मांडी घातलेला साडेतीन, म्हणजे उभ्या माणसाची उंची डोक्याच्या सात पट. शौशिंगला मात्र हा लावायचा नाही, त्याचं डोकं मोठं हीच तर त्याची ओळख. चार डोकी उंची धरा.

आधी आतला सांगाडा. काडीच्या वरच्या टोकापासून दोन बोटं जागा डोक्यासाठी सोडा आणि खाली वर्तमानपत्राचा कागद घट्ट गुंडाळून गाजरासारखा आकार करा, खाली रुंद वर निमुळता, दोऱ्याने बांधा. वरून उरलेल्या रंग बिघडलेल्या पिठाचा पातळ थर. अख्खं अंग पिठाचं भरीव केलं तर आत ओलं आणि बाहेर कोरडं अशी ओढाताण होऊन तडा जाणारच. इथे अजून एक कारागिरी म्हण कामाला येते: पंडिताची छाती, योद्ध्याचं पोट, म्हाताऱ्याची पाठ, सुंदरीची कंबर. म्हणजे कोणाचं व्यक्तिमत्त्व शरीरात कुठे दिसतं ते. आपला म्हातारा आहे, तेव्हा सांगाड्यालाच पाठीत हलका बाक द्या, मान थोडी पुढे. नंतर कपड्यांनी बाक आणता येत नाही.

मग डोकं. यावर वेळ घालवा, बाकी सगळं यापुढे सोपं आहे.

त्वचेच्या रंगाचा आवळ्याएवढा गोळा घ्या, तळहातांमध्ये एकही सुरकुती राहणार नाही असा गोल करा आणि काडीवर खोचा. आता करंगळीच्या कडेने गोळ्याच्या मधोमधच्या जरा खाली आडवं हलकं दाबा, वरचा भाग कपाळ, खालचा चेहरा. साध्या चेहऱ्याचे तीन सारखे भाग मोजतात, केसांपासून भुवई, भुवईपासून नाकाचा शेंडा, तिथून हनुवटी, पण शौशिंगचं कपाळच अर्ध्याहून जास्त असतं. वरच्या भागाला अंगठ्याने वर-पुढे ढकलत फुगवटा द्या, कपाळावर बोत्झच्या चपट्या कडेने दोन-तीन पुसट आठ्या.

दाबलेल्या पट्टीवर बोत्झच्या गोल टोकाने दोन खोबणी दाबा. दोघींमधलं अंतर एका डोळ्याएवढं ठेवायचं, चेहऱ्याची रुंदी पाच डोळे असते हा त्यांचा नियम इथे मात्र लागू आहे. मग ज्वारीच्या दाण्याएवढं पीठ घेऊन नाक लावा, वरचं टोक दोन खोबणींमध्ये पुसून टाका म्हणजे जोड दिसणार नाही, खाली दोन्ही बाजूंनी बोत्झने दाबून नाकपुड्या, सुईने भोकं. गालांसाठी तुरीच्या डाळीएवढे दोन गोळे, थोडे वर लावा, हसताना गाल वर येतात म्हणून, आणि कडा बोटाने पुसत नेऊन एकजीव करा. तोंड बोत्झच्या पातळ कडेने कापा, दोन्ही कोपरे सुईने वर उचला, खालच्या ओठाला खालून हलकेच वर ढकला. ओठांचा रंग लावायचा असेल तर गुलाबी पिठाचा केसाएवढा धागा.

डोळ्यांसाठी काळ्या पिठाचा खसखशीएवढा दाणा तळहातावर बोटाने वळून धागा करा, शेवईपेक्षा बारीक, आणि सुईच्या टोकाने उचलून खोबणीत कमानीसारखा बसवा. हे पहिल्या पाच वेळा जमणार नाही. धागा तुटतो, बोटाला चिकटतो, वाकडा बसतो, तर सुईने काढा आणि परत करा, चेहऱ्याला बोट लावू नका, चेहऱ्याला लागलेलं बोट पुसता येत नाही. एक युक्ती सांगते, धागा थोडा लांब ठेवून बसवा आणि मग टोकं सुईने कापा, आधी मापाचा करायला जाऊ नका. कान मोठे आणि पाळ्या लांब, पांढऱ्या भुवया जाड आणि बाहेरून खाली लोंबणाऱ्या. झालं की डोकं काडीसकट ठोकळ्यात बाजूला खोचून ठेवा, अर्धा तास वाळू दे. बाहेरून थोडी साय धरली की नंतर कपडे चढवताना चेहरा चेपत नाही. डोकं आधी आणि हात सगळ्यात शेवटी, या क्रमाचं कारण हेच, आणि हात शेवटी कारण ते सर्वात नाजूक.

अंगरखा. रंगीत पीठ दोन प्लॅस्टिकच्या कागदांमध्ये ठेवून लाटण्याने मोदकाच्या पारीहून पातळ लाटा, दीड मिलीमीटरच्या आसपास. ब्लेडने पंख्याच्या आकारात कापा. काठाला पांढरी आणि त्यावर निळी अशा पट्ट्या लावून लाटणं हलकेच फिरवा म्हणजे त्या आत बसतात, मग फणीचे दात दाबून नक्षी. कारागिरांचं एक जुनं सूत्र आहे, एक छापणं, दोन चिमटणं, तीन जडवणं, चार रोल करणं, त्यातलं जडवणं आणि रोल करणं हे इथे एकाच पट्टीत शिकायला मिळतं. अंगरखा मागून पुढे गुंडाळा, डावी बाजू उजवीवर, आणि खालचा घेर थोडा मोठा ठेवून चुण्या पाडा. चुण्या कुठेही पाडायच्या नाहीत. कापड जिथे अडकतं तिथून त्या निघतात, म्हणजे कमरेच्या पट्ट्यापासून खाली आणि कोपरापासून आत. मोदकाच्या कळ्या पाडायची सवय असलेल्या हाताला सगळ्या चुण्या सारख्या पाडायचा मोह होतो, तो आवरा, कापडाच्या चुण्या कधीच सारख्या नसतात.

बाह्यांसाठी दोन शंकू, रुंद टोकात बोत्झचं गोल टोक फिरवून पोकळी करा, कोपरात वाकवा आणि खांद्याला दाबून चिकटवा. ताजं पीठ ताज्या पिठाला पाण्याशिवाय चिकटतं. जागा वाळली असेल तर ओल्या ब्रशचा नुसता स्पर्श, थेंब नको, थेंब पडला की तिथे रंग ओघळतो.

दाढी: पांढऱ्या पिठाचं लांबट पान करा, फणीने वरून खाली ओढत रेघा, टोक कातरीने दोन-तीन ठिकाणी चिरा, हनुवटीखाली बसवा आणि टोक एका बाजूला थोडं वळवा, वाऱ्याने हलल्यासारखं. या एका वळणाने अख्ख्या मूर्तीत जीव येतो, करून बघा. मिशांचे दोन बारीक थेंब वेगळे.

हात: तुरीच्या शेंगेतल्या हिरव्या दाण्याएवढ्या गोळ्याचा थेंब करा, रुंद भाग चपटा करा. कातरीने पहिला तिरका काप अंगठ्याचा, मग मधला काप, मग त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक, म्हणजे चार बोटं. प्रत्येक बोट चिमटीत हलकेच वळून गोल करा, नाहीतर काट्याचमच्यातल्या काट्यासारखं दिसतं. एक हात मूठ करून काठीभोवती, दुसरा तळवा वर.

काठी म्हणजे टूथपिकवर तपकिरी पीठ चढवून वेडीवाकडी वळलेली, वरचं टोक वाकलेलं. पीच म्हणजे बोराएवढा फिकट पिवळा गोळा, टोक चिमटून काढलेला, टोकाला गुलाबी पीठ चोळत खाली विरवत आणलेलं, बाजूने बोत्झच्या कडेने एक खाच, दोन हिरवी पानं. पीच त्यांच्याकडे दीर्घायुष्याचं फळ, म्हणून मोठ्यांच्या वाढदिवसाला पीचच्या आकाराचे वाफवलेले पावही करतात.

वाळवणं

इथे सगळ्यात जास्त मूर्ती मरतात. ऊन नको, पंखा नको, हेअर ड्रायर तर अजिबात नको. पहिला दिवस वर मोठं पातेलं किंवा खोका सैलसर उपडा घालून ठेवा, म्हणजे बाहेरचा थर आतल्याच्या फार पुढे धावत नाही. मग दोन-तीन दिवस सावलीत उघडी, रोज थोडी फिरवायची. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत हवा इतकी कोरडी की मी दोन दिवस झाकून ठेवते. पावसाळ्यात उलटा त्रास, माझ्या तीन मूर्तींना एकाच जुलैत हिरवी बुरशी आली, तेव्हापासून पावसाळ्यात मी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्यात वाळवते. कोकणात, मुंबईत, गोव्यात राहणाऱ्यांनी तर थेट ऑक्टोबरची वाट बघावी.

बारीक तडा गेला तर त्याच रंगाचं पीठ पाण्यात कालवून दाट पेस्ट करा, सुईने भरा, वाळल्यावर परत एकदा भरा. नाक किंवा बोट गळून पडलं तर थोडं फेविकॉल. पूर्ण वाळलेली मूर्ती काचेच्या किंवा ॲक्रिलिकच्या झाकणाखाली ठेवायची, कारण धूळ बसली की ती पुसता येत नाही आणि झुरळांना हे शेवटी पीठच वाटतं. लहान मुलं घरात असतील तर सांगून ठेवा, हे खायचं नाही, यात मीठही भरपूर आहे.

ज्यांनी ही कला रस्त्यावरून घरात आणली

वीसेक मूर्ती झाल्या की जुन्या लोकांचं काम बघा, फोटोत का होईना. शांतोंगच्या हझ भागात, ज्याला पूर्वी त्साओचौ म्हणायचे, गावंच्या गावं हे काम करायची आणि काडीवरची माणसं विकत देशभर फिरायची. बीजिंगचे थांग झिबो 1882 मध्ये जन्मले, त्यांच्या घराण्याला 'पिठमाणसांचे थांग' म्हणतात, काडीवरची मूर्ती उतरवून पाटीवर उभी करायचं श्रेय त्यांना देतात. हा बदल साधा वाटतो, पण काडीवर असेपर्यंत ते खेळणं होतं, पाटीवर आलं आणि कपाटात ठेवायची वस्तू झाली.

आणि लांग शाओआन. बारा वर्षांचा गरीब घरातला मुलगा, बीजिंगच्या पांढऱ्या स्तूपाच्या देवळाच्या जत्रेत झाओ ख्वोमिंग नावाच्या कारागिराला पिठाची माणसं करताना बघून तिथेच थबकला आणि त्यांचाच शिष्य झाला. पुढे झाओ शांघायला गेले आणि तिथे त्यांची शाखा झाली, लांग बीजिंगलाच राहिले. जुन्या बीजिंगच्या रस्त्यावरचे फेरीवाले, न्हावी, खेळणीवाले त्यांनी पिठात केले, आणि अक्रोडाच्या अर्ध्या कवचात मावतील असे अख्खे प्रसंग. बीजिंगचे लांग, शांघायचे झाओ आणि त्साओचौची परंपरा, ही सगळी 2008 मध्ये चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत आली. अक्रोडाचं कवच मी तीनदा करून बघितलंय. त्यासाठी पीठ नेहमीपेक्षा थोडं घट्ट घ्या, माणसं बाहेर सुईच्या टोकावर करा आणि मागून पुढे अशा क्रमाने आत बसवा, मागची भिंत आधी, समोरचं माणूस शेवटी.

जाता जाता खायचं म्येनसू

एवढं सगळं वाचून कोणाला पेशन्स नसेल, किंवा मुलांबरोबर काहीतरी करायचं असेल, तर दुसरी पद्धत, आधी घडवायचं मग वाफवायचं. या पद्धतीत शान्शीतल्या वन्शी तालुक्याचे ह्वामो प्रसिद्ध आहेत, शेन्शीत बाळ महिन्याचं झालं की आजोळहून पिठाचा वाघ येतो, चिंगमिंग या पूर्वजांच्या स्मरणाच्या सणाच्या आसपास पिठाच्या चिमण्या-पाकोळ्या करतात. मला सगळ्यात आवडतो तो शांतोंगच्या किनाऱ्याकडचा शंगछोंग, वेटोळं घालून बसलेला जीव, सापासारखा, पण ते त्याला साप म्हणत नाहीत. नववर्षाला करतात आणि धान्याच्या किंवा पिठाच्या रांजणात ठेवतात, धान्य कधी संपू नये म्हणून.

मैदा 300 ग्रॅम, कोमट पाणी 150 मिली, इन्स्टंट यीस्ट 3 ग्रॅम, साखर एक चमचा. पाणी मुद्दाम कमी आहे, पीठ सैल असलं की फुगताना आकार पसरतो. दहा मिनिटं मळून गुळगुळीत करा, दुप्पट फुगेपर्यंत झाका, मग परत मळून आतली सगळी हवा काढा, कापून बघा, आत एकही भोक दिसता कामा नये. याचे चार भाग. एका भागाची हातभर लांब वळी करा, एक टोक निमुळतं शेपटीचं, आणि शेपटी आत ठेवून वेटोळं घाला, डोकं वर. कातरीचं टोक तिरकं धरून पाठभर छोटे छोटे चिमटे कापा, खवले उभे राहतात. तोंड कातरीने चिरून त्यात खजुराचा तुकडा, चिनी लोक त्यांचं लाल बोर घालतात, डोळ्यांना मिरीचे दाणे किंवा काळे उडीद, चांगले खोल दाबा, फुगल्यावर बाहेर पडतात. वीस मिनिटं झाकून ठेवा, मग गार पाण्यावरच भांडं ठेवून गॅस सुरू करा, वाफ आल्यापासून 15 मिनिटं. गॅस बंद केल्यावर लगेच झाकण उघडू नका, पाच मिनिटं थांबा, नाहीतर गार हवा लागून तो मान टाकतो आणि कातडीला सुरकुत्या पडतात.

मिरीचे डोळे खायच्या आधी काढून टाका. आणि एक शंगछोंग खायचा नाही, तो कणकेच्या डब्यावरच्या झाकणाशेजारी एक दिवस ठेवायचा, आत नको, ओलसर असतो, पिठाला वास लागेल.